मुलांची पुस्तकं हा म्हातारपणाचा विरंगुळा नव्हे

निवृत्त माणसाने काय करावं, याची आपल्याकडे एक ठरलेली यादी आहे. तीर्थयात्रा, नातवंडं, सकाळचा योगवर्ग, ज्येष्ठ नागरिक संघाची कोजागिरी आणि जमलंच तर मुलांसाठी एखादं पुस्तक. कादंबरीला अभ्यास लागतो, कवितेला प्रतिभा लागते, वैचारिक लिहायला वाचन लागतं; मुलांसाठी लिहायला पेन्शन पुरते, असा हा समज आहे. साठी ओलांडल्यावर मी चित्रपुस्तकं लिहू लागले, स्वतःच छापू लागले, तेव्हा ओळखीतले बहुतेक जण एकच बोलले: छान केलंत, वेळ जाईल तुमचा. मला या वाक्याची चीड आहे, आणि ती माझ्या मानापमानापुरती नाही. मराठी बालपुस्तकांची जी दुर्दशा आहे, तिच्या मुळाशी हेच वाक्य आहे. लेखक वेळ घालवायला लिहितो, प्रकाशक त्याच्याच पैशाने छापतो, शाळा अनुदान संपवायला विकत घेते, आणि शेवटी मुलाच्या हातात जे पडतं त्याला पुस्तक म्हणायची माझी तयारी नाही.

मी धनजची. वाशीम जिल्हा, कारंजा तालुका. आयुष्य पोस्टाच्या नोकरीत गेलं, बदल्याही याच पट्ट्यात झाल्या. 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. 2018 मध्ये केंद्राने त्याला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलं. म्हणजे आरोग्य, शिक्षण, पोषण या बाबतींत देशात जे मागे पडले त्यांच्या रांगेत बसवलं. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो. 701 किलोमीटरचा तो रस्ता बांधून झाला, गाड्या सुसाट जातात. आमच्या गावात मात्र वही मिळते, गाईड मिळतं, अंकलिपी मिळते, चार वर्षांच्या पोराच्या मांडीवर ठेवावं असं चित्रपुस्तक मिळत नाही. ते मिळत नाही याची तक्रारही कोणी करत नाही, कारण असं काही असतं हेच घरात कोणाला ठाऊक नाही.

आता या धंद्यात उतरणाऱ्या निवृत्त माणसाला आधी कोण भेटतं ते सांगते. प्रकाशक भेटतो. माझी पहिली संहिता घेऊन मी एका प्रकाशकाकडे गेले. त्याने ती उघडली नाही, पानं मोजली. मग दर सांगितला: एवढे भरा, हजार प्रती निघतील, शंभर तुम्हाला, प्रकाशन समारंभाला पाहुणे आमचे, हॉल तुमचा. चित्रांचं काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, "चित्रांचं टेन्शन नका घेऊ मॅडम, नेटवरून टाकू." आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, मिळवून देण्याचे वेगळे पैसे त्याने दरपत्रकात लावले होते.

हे मी एकटीने ऐकलेलं नाही. निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतले लोक, आयुष्यभर डायरी लिहिलेल्या बायका यांनी भविष्यनिर्वाह निधीतून असे पैसे भरले आहेत आणि माळ्यावर गठ्ठे ठेवले आहेत. म्हणून एक गोष्ट मोठ्याने सांगते. आयएसबीएन क्रमांक फुकट मिळतो. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो देते, त्याला शुल्क नाही, आणि लेखक स्वतः प्रकाशक म्हणून स्वतःच्या नावावर अर्ज करू शकतो. जो माणूस त्याचे पैसे मागतो तो तुमच्या अज्ञानाचे पैसे मागतो. हजार प्रती छापल्या की नाहीत हे तुम्ही छापखान्यात जाऊन पाहिलं नसेल, तर त्या छापल्याच नाहीत असं समजा. आणि जो प्रकाशक चित्रपुस्तकाची चित्रं नेटवरून उचलतो, तो चोर आहे. त्या चित्रामागे कुठेतरी एक चित्रकार बसलेला असतो.

तरी माझा जास्त राग प्रकाशकावर नाही, आमच्या पिढीवर आहे. आपण त्याला हे करू दिलं, कारण आपल्याला पुस्तक नको होतं, मुखपृष्ठावर नाव हवं होतं. निवृत्तांनी मुलांसाठी लिहिलेलं मी ढिगाने वाचलंय. आळशी ससा, कष्टाळू मुंगी, खोटं बोलणारा राजू, झाडं तोडणाऱ्या माणसाला स्वप्नात दिसलेली झाडं, आणि शेवटी ठळक अक्षरांत तात्पर्य. चाळीस वर्षं कचेरीत वरिष्ठांची बोलणी खाल्ली, घरात मुलगा-सून ऐकत नाहीत, मग ज्याला उलट उत्तर देता येत नाही असा श्रोता शोधला: पाच वर्षांचं लेकरू. त्याला आपण संस्कार म्हणतो. मूल हे पुस्तक एकदा उघडतं, परत उघडत नाही, आणि आपण म्हणतो की हल्लीची मुलं वाचत नाहीत, मोबाईल पाहतात. मोबाईल त्याला उपदेश करत नाही, एवढं तरी लक्षात घ्या.

चित्रपुस्तक ही कारागिरी आहे. ती शिकावी लागते आणि साठाव्या वर्षी शिकता येते. एक मोठा कागद छापून घडी घातला की सोळा पानं होतात; म्हणून चित्रपुस्तक सोळाचं, चोवीसचं नाहीतर बत्तीस पानांचं असतं. गोष्ट त्या पानांत बसवायची असते, ताणून किंवा कोंबून नव्हे. वाक्य संपतं तिथे पान उलटायचं की त्याआधी, यावर सगळा खेळ असतो. माझं पहिलं पुस्तक जागलीवर आहे. हरभऱ्याच्या शेतात रात्री रोही, म्हणजे नीलगायी, शिरतात, रानडुकरं शिरतात, म्हणून आबा जागलीला जातो आणि नात हट्टाने मागे लागते. आमच्याकडच्या प्रत्येक पोराला हे माहीत आहे. एका जोडपानावर सगळा काळोख आहे आणि उजव्या कोपऱ्यात बॅटरीचा उजेड पडायला लागलाय, कशावर ते दिसत नाही. मजकूर तीन शब्दांचा: "आबा, थे काय?" पान उलटलं की दोन्ही पानांवर मिळून एकच रोही उभा आहे, डोळे चमकतायत, पोरीपेक्षा केवढातरी मोठा. तिथे मी एकही शब्द ठेवलेला नाही. आधी कच्च्या मजकुरात तिथे चार ओळींचं वर्णन होतं. रात्र काळी आहे हे चित्र सांगतं, रोही मोठा आहे हे चित्र सांगतं, पोरगी घाबरली हे तिची मूठ सांगते. मग शब्दांनी तेच परत का सांगायचं? जे चित्रात दिसतं ते लिहायचं नाही आणि जे लिहिलंय ते चित्रात काढायचं नाही, हा या कामाचा पहिला नियम. मराठीतली निम्मी सचित्र पुस्तकं पहिल्याच पानावर तो मोडतात.

हे पुस्तक मी एका शाळेच्या ग्रंथखरेदीसाठी दाखवायला नेलं, तेव्हा तिथल्या जबाबदार माणसाने विचारलं, रोही पळून गेला, बरं, पण यातून मुलांनी घ्यायचं काय? वर दुसरी हरकत: "थे काय" हे अशुद्ध आहे, "ते काय" करा, मग पाहू.

मी ते केलं नाही आणि करणार नाही. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा पेढे वाटले गेले. त्या दर्जासाठी जे प्राचीन ग्रंथ पुढे ठेवले जातात त्यांत म्हाइंभटांचं लीळाचरित्र असतंच. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ, तेराव्या शतकातला, आणि तो लिहिला गेला अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात. आमच्या वऱ्हाडात. आता त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ झालं, आणि ते योग्यच झालं. ज्या मातीत मराठी गद्य जन्मलं, तिथल्या लेकराला मात्र त्याच्या आजीची बोली छापील पानावर दिसू द्यायची नाही? सातशे वर्षांपूर्वीची मराठी अभिजात आणि आज धनजच्या ओसरीवर बोलली जाणारी मराठी अशुद्ध, हा न्याय कोणता? निवेदन प्रमाण भाषेत ठेवा, माझंही तसंच आहे. पण पुस्तकातलं माणूस तोंड उघडेल तेव्हा ते आपल्या गावचं बोललं पाहिजे. बंजारा तांड्यावरचं पोर तर घरी गोरमाटी बोलतं. त्याला शाळेत पहिल्याच दिवशी दोन भाषा ओलांडाव्या लागतात आणि आपण त्याच्या वाचनाच्या चाचण्या घेतो.

चित्रातली लबाडी तर भाषेपेक्षा वाईट, कारण मूल आधी चित्र वाचतं. दुसऱ्या पुस्तकात कापूस वेचणीचं पान होतं. चित्रकार मुलगी शहरातली, हाताने उत्तम, मनाने प्रामाणिक. तिने काढलेली बाई वाकलेली होती, बोंडं छान फुटलेली होती, रंग मऊ होते. कच्ची पानं घेऊन मी शेजारच्या पोरांमध्ये बसले. दुसरीतली एक पोरगी बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "आजी, इनं येचलेला कापूस ठेवाव कुठी? इच्या कमरीले तं झोयीच नाही." त्या पोरीची आई दिवसभर कमरेला कापडाची झोळी बांधून वेचते, ती भरली की बांधावर रिकामी करते, आणि मजुरी किलोवर मिळते. झोळी नसेल तर ते काम नाही, नुसतं उभं राहणं आहे. सात वर्षांच्या मुलीला हे दिसलं. आम्हा दोघींना चित्र सुंदर दिसत होतं. चित्रकार मुलगी मग वेचणीच्या दिवसांत इथे येऊन राहिली, बायकांबरोबर ओळीत चालली आणि तिने ते पान पुन्हा काढलं. तिला दोन्ही वेळचे पैसे दिले, कारण दोन्ही वेळा तिने काम केलं होतं.

चित्रातलं गाव असं खोटं का होतं याला कारण आहे, आणि ते फक्त आळशीपणाचं नाही. चार रंगांत छपाई महाग पडते. प्रती कमी असल्या की प्रत्येक प्रत आणखी महाग पडते, कारण प्लेटचा आणि मशीन लावण्याचा खर्च शंभर प्रतींनाही तेवढाच आणि दहा हजारांनाही तेवढाच. म्हणून मोठ्या संस्था एक तोड काढतात: चित्रांच्या प्लेट सगळ्या भाषांसाठी त्याच ठेवायच्या आणि फक्त काळ्या शाईची, म्हणजे अक्षरांची प्लेट भाषेगणिक बदलायची. 1957 साली स्थापन झालेला नॅशनल बुक ट्रस्ट, चेन्नईची तूलिका, प्रथम बुक्स यांनी एकच गोष्ट अनेक भाषांत स्वस्तात पोचवली. त्यांचे उपकार मी मानते. ती पुस्तकं नसती तर आमच्या बहुतेक शाळांच्या पेटीत काहीच नसतं. पण सगळ्या देशाला चालेल असं शेत काढायचं तर ते कोणाच्याच गावचं उरत नाही. त्यात तुरीचं पाटं नसतं, पऱ्हाटीच्या ओळी नसतात, कारंजा-सोहोळच्या माळावरचं काळवीट नसतं. वाशीमच्या पोराला कधीतरी एकदा स्वतःचं गाव छापलेलं दिसावं, ही मागणी फार मोठी आहे का? ते काम मोठी संस्था करणार नाही. तिचं गणितच तसं आहे. ते गावातल्या लहान प्रकाशकाने करायचं आहे, आणि गावात हातात थोडी पुंजी, पूर्ण वेळ आणि गावाची आठवण असलेला माणूस कोण? निवृत्त माणूस. म्हणूनच तो हा वेळ वाया घालवतो याचा मला संताप येतो.

ज्यांनी उशिरा सुरुवात करून हे काम काम म्हणून केलं, त्यांच्याकडे पाहा. व्यंगचित्रकार शंकर, म्हणजे के. शंकर पिल्लई, यांनी 1957 मध्ये दिल्लीत चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट उभा केला तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. राजकीय व्यंगचित्रातलं देशातलं पहिलं नाव, नेहरूंची खिल्ली उडवलेला माणूस. त्याने मुलांच्या पुस्तकांसाठी संस्था काढली, स्वतःचा छापखाना उभारला. अमेरिकेतला विल्यम स्टाइग आयुष्यभर मोठ्यांच्या साप्ताहिकात व्यंगचित्रं काढत होता. मुलांची पहिली पुस्तकं त्याने 1968 मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर काढली, आणि दोनच वर्षांत त्याला तिथला चित्रपुस्तकांचा सर्वोच्च मान मिळाला. बिएट्रिक्स पॉटर म्हातारी नव्हती, पस्तिशीची होती, पण प्रकाशकांनी परत पाठवलेली सशाची गोष्ट तिने डिसेंबर 1901 मध्ये स्वतःच्या पैशाने छापली, 250 प्रती. मुलाच्या हातात मावेल एवढंच पुस्तक हवं, यावर ती अडून राहिली. पुढच्याच वर्षी प्रकाशकाने ती काढली. स्वखर्चाने छापण्यात कमीपणा काहीच नाही. स्वखर्चाने वाईट छापण्यात आहे.

आपल्याकडे माधुरी पुरंदरे आहेत. चित्रकला शिकलेल्या, पॅरिसला राहून आलेल्या, गायलेल्या, फ्रेंच शिकवणाऱ्या. एवढं सगळं आयुष्य घेऊन त्या मुलांच्या पुस्तकाकडे आल्या, आणि त्यांच्या पुस्तकांतल्या राधाच्या आणि यशच्या घरात ते दिसतं. त्या घरातली माणसं सकाळी उठून एकमेकांना सुविचार ऐकवत नाहीत. त्यांना कामं असतात, कंटाळा येतो, राग येतो. शब्द त्यांचे, चित्रंही त्यांचीच. मोठ्यांसाठी करतात तेवढ्याच गांभीर्याने केलेलं हे काम आहे, म्हणून मुलं ती पुस्तकं फाटेपर्यंत वाचतात. 2014 मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला.

त्या पुरस्काराबद्दल बोलायलाच हवं. अकादमीचा मुख्य पुरस्कार एक लाख रुपयांचा. बालसाहित्याचा पन्नास हजारांचा. तोही 2010 पासून सुरू झाला. त्याआधी अर्ध्या शतकाहून जास्त काळ देशाच्या साहित्याच्या सर्वोच्च संस्थेला मुलांच्या साहित्यासाठी वेगळा पुरस्कार असावा असं वाटलंच नव्हतं. वाचक लहान म्हणून लेखकाचा मान निम्मा. हे कोणी बदललं नाही, कारण कोणाला खटकलं नाही.

आणि भा. रा. भागवत. त्यांच्या फास्टर फेणेवर 2017 मध्ये चित्रपट आला तेव्हा सगळा महाराष्ट्र आठवणींत न्हाऊन निघाला. याच भागवतांनी 1951 मध्ये, चाळिशी उलटल्यावर, स्वतःच्या हिमतीवर मुलांसाठी 'बालमित्र' मासिक काढलं होतं. ते काही वर्षांत बंद पडलं, पैशाअभावी. आठवणींत न्हाणं फुकट असतं. वर्गणी भरावी लागते.

आमच्या पिढीला मराठीत आलेली रशियन पुस्तकं आठवतात. अनिल हवालदारांसारख्या अनुवादकांनी मॉस्कोत बसून ती मराठीत आणली. भलीमोठी पानं, दाट रंग, आणि किंमत अशी की शिपायाच्या घरातही घेता यावी. ती स्वस्त होती कारण एक सरकार त्यामागे पैसा ओतत होतं. त्या सरकारचे हेतू काय होते यावर भांडा हवं तर. पण मुलांचं चांगलं पुस्तक बाजाराच्या हिशेबात स्वस्त होत नाही, त्याला समाजाला खांदा द्यावा लागतो, एवढं त्यांना कळलं होतं. 1991 मध्ये सोव्हिएत संघ मोडला, ती पुस्तकं थांबली, आणि इथल्या कोणीही ती जागा भरली नाही.

आपलं सरकार काय करतं? पुस्तकावर जीएसटी शून्य आहे हे सगळ्यांना ठाऊक. पण कागदावर कर आहे, आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळे तो भरलेला कर प्रकाशकाला वजा करून मिळत नाही. तो त्याच्या अंगावर पडतो, म्हणजे शेवटी किमतीत जातो. समग्र शिक्षा योजनेतून प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला पाच हजारांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. रक्कम लहान आहे, तरी पन्नास चांगली चित्रपुस्तकं त्यात येतील. त्यातले किती पैसे मुलांसमोर पुस्तक उघडून, त्यांची तोंडं पाहून खर्च होतात, ते तुमच्या गावातल्या गुरुजींना विचारा. बहुतेक ठिकाणी संच येतो, गठ्ठा येतो, जास्तीत जास्त सवलत देणाऱ्याचा येतो. निम्मी किंमत सोडायची ताकद ज्याच्यात आहे त्याने आधीच किंमत दुप्पट छापलेली असते. चित्रकाराला पैसे देणारा, चांगला कागद वापरणारा लहान प्रकाशक त्या स्पर्धेत उभाच राहू शकत नाही.

पोस्टाचं बोलताना मला जपून बोलावं लागतं, ते माझं घर आहे. पण बुकपोस्ट हा खेड्यातल्या वाचकाचा एकमेव स्वस्त रस्ता होता. डिसेंबर 2024 मध्ये तो बंद झाला. देशभरातल्या लहान प्रकाशकांनी ओरड केली. मग 1 मे 2025 पासून ज्ञानपोस्ट सुरू झालं, तीनशे ग्रॅमला वीस रुपयांपासून पाच किलोला शंभर रुपयांपर्यंत. ही सेवा वापरा, टिकवा. साठ-सत्तर रुपयांच्या पुस्तकाला खाजगी कुरिअर लावलं तर टपालाचा खर्चच पुस्तकाच्या किमतीएवढा होतो, आणि धनजसारख्या गावात कुरिअरवाला दारापर्यंत येईलच असं नाही. पोस्टमन येतो.

2025 चा जून आठवा. पहिलीपासून हिंदी लादण्यावरून राज्य पेटलं होतं. सभा, मोर्चे, अग्रलेख, आणि 29 जूनला सरकारने त्याबाबतचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. मीही त्या सक्तीच्या विरोधातच होते. पण त्या दोन-तीन महिन्यांत एकाही व्यासपीठावरून हा प्रश्न मी ऐकला नाही की पहिलीतल्या मराठी मुलाच्या हातात पाठ्यपुस्तकाशिवाय कोणतं मराठी पुस्तक आहे. भाषा वाचवायची म्हणजे दुसरी भाषा रोखायची, एवढंच आपल्याला येतं. पहिलीतल्या पोराला मराठी इतकी गोड लागावी की तो ती सोडणारच नाही, यासाठी पै खर्च करायची नाही. मराठीसाठी रस्त्यावर उतरलेल्या प्रत्येक घराने त्या महिन्यात एक मराठी चित्रपुस्तक विकत घेतलं असतं, तर इथले सगळे लहान प्रकाशक दहा वर्षं जगले असते.

राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा-बारा हजार आहेत. यांतल्या प्रत्येकाने एका चांगल्या चित्रपुस्तकाची एकच प्रत घेतली तरी चार रंगांतली आवृत्ती परवडते, चित्रकाराचं घर चालतं, आणि पुस्तक वाशीमपासून सिंधुदुर्गापर्यंत पोचतं. त्याला नवा कायदा नको, नवी योजना नको. निवड समितीत एक माणूस असा हवा ज्याने गेल्या वर्षभरात एखाद्या मुलाला मांडीवर घेऊन पुस्तक वाचून दाखवलंय. माझी सरकारकडे एवढीच मागणी आहे, आणि अकादमीकडे एक: ते पन्नास हजार एक लाख करा.

बाकीचं माझ्या वयाच्या माणसांना सांगायचं आहे. वेळ जात नाही म्हणून या कामात येऊ नका. टाळ घ्या, बाग करा, गावातल्या पाण्याच्या प्रश्नाला लागा, तीही मोलाची कामं आहेत. यायचं असेल तर नोकरीत जसे वेळेवर हजर होत होतात तसे या. गोष्ट लिहून झाली की पहिल्यांदा प्रकाशकाकडे जाऊ नका, जवळच्या अंगणवाडीत जा आणि वाचून दाखवा. पोरं ज्या पानावर उठून खेळायला गेली ते पान फाडा, ते तुमचं कितीही आवडतं असलं तरी. शेवटचं तात्पर्य आधी फाडा. घरात कोणी चित्रकार नसेल तर पाहुण्याच्या मुलाकडून फुकट काढून घेऊ नका. हातात जेवढे पैसे असतील त्यातला सगळ्यात मोठा वाटा चित्रकाराचा, लेखी करार करून, त्याचं नाव मुखपृष्ठावर तुमच्या नावाएवढ्याच अक्षरात. उरलेल्या पैशांत पाचशेच प्रती होत असतील तर पाचशेच छापा. त्याही होत नसतील, तर पुढच्या वर्षापर्यंत थांबा. चित्रकाराचे पैसे कापून हजार छापू नका.